दिव्यांना क्षण कळवायचा कसा? हात, तार, प्रकाश आणि रेडिओ

(थ्रेड)

१/ भिवंडीतील यंत्रमागांच्या जुन्या शेडमध्ये भरदुपारीही उजेड बेताचाच असतो. पत्र्याचे छप्पर, मोजक्या खिडक्या, ओळीने टांगलेल्या ट्यूब आणि त्यांच्याखाली धडधडणारे माग. अशा शेडचे या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ छायाचित्र घ्यायचे, तर एका दिव्याने भागत नाही. दिवे एकाहून अधिक झाले की एक जुना प्रश्न उभा राहतो. या सर्वांना नेमका क्षण कळवायचा कोणी, आणि कसा? दीडशे वर्षांहून जुन्या या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ आधी एक दिवा का पुरत नाही ते पाहू. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पृष्ठभागावर पडणारा प्रकाश एक-चतुर्थांश होतो. तीन मीटरवरील मागावर जितका प्रकाश पडेल, त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच बारा मीटरवरील मागावर पडेल. परिणामी पुढचा कामगार पांढराफटक आणि मागची रांग काळोखात. दिव्याची ताकद वाढवून हे प्रमाण बदलत नाही. दिवे वाटून, जागोजागी ठेवावे लागतात.

३/ चित्रपटाच्या सेटवर दिवे सतत जळतात, म्हणून तेथे क्षण साधण्याचा प्रश्न नाही. स्थिरचित्रणातील फ्लॅशचे तसे नाही. त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागात विझतो. कॅमेऱ्याचे शटर पूर्ण उघडे असते तो काळही सेकंदाचा दोनशेवा भाग, किंवा त्याहून कमी. त्या फटीत दहा दिवे एकदम लागले पाहिजेत. एखादा मागे राहिला, तर छायाचित्रापुरता तो लागलाच नाही.

४/ मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी जोडलेले नामवंत छायाचित्रकार. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. या पिढीचा दिवा एकच, सूर्य. काचेच्या छपराचा स्टुडिओ, पांढरे पडदे, आणि ढग आला की काम थांबलेले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठीही दादासाहेब फाळके यांनी दादरला सूर्यप्रकाशावरच भिस्त ठेवली होती.

५/ सूर्य पोहोचत नाही तेथे काय? पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराने १८६१ च्या सुमारास भूमिगत अस्थिभांडारात विजेचा दिवा नेला. बॅटऱ्यांचे ओझे सोबत, आणि एकेका चित्राला पंधरा-वीस मिनिटे. इतका वेळ जिवंत माणूस निश्चल राहणार कसा? म्हणून कामगारांच्या जागी त्याने पुतळे उभे केले. प्रकाश मिळाला, पण क्षण हाती आला नाही.

६/ १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये मॅग्नेशियमची तार जाळून छायाचित्रे घेतली जाऊ लागली. पुढे १८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून फ्लॅश पावडर बनवली. ठिणगी लागताच भपका, डोळे दिपवणारा प्रकाश आणि खोलीभर पांढरा धूर. ही स्फोटक पूड होती. तिच्यामुळे हात भाजले, पडदे पेटले.

७/ या पावडरच्या काळात क्षण कळवण्याचे साधन म्हणजे माणसाचा हात. अंधारात शटर उघडे ठेवायचे, पूड पेटवायची, शटर मिटायचे. दोन ठिकाणी पूड ठेवली असेल तर दोन माणसे आणि एक आरोळी. दोघांच्या हातांत अर्ध्या सेकंदाचे अंतर पडले तरी शटर उघडेच असल्याने चित्र उमटे. मात्र त्या अर्ध्या सेकंदात कोणी मान वळवली, तर एकाच चेहऱ्याच्या दोन छटा उमटत.

८/ १९२९-३० मध्ये जर्मनीत फ्लॅश बल्ब बाजारात आला. काचेच्या बंद गोळ्यात धातूचा पातळ वर्ख आणि प्राणवायू. वीज दिली की वर्ख क्षणात जळतो. धूर नाही, आग बाहेर येत नाही. पण याहून मोठा बदल वेगळाच होता. हा दिवा विजेने पेटतो आणि वीज तारेतून कितीही दिव्यांपर्यंत नेता येते. आरोळीची जागा तारेने घेतली.

९/ तारेच्या युगाचे शिखर पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते. ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिने टिपली, आणि तीही प्रामुख्याने रात्री. त्याचे कारण सरळ होते. सूर्य आपल्या हातात नसतो, दिवे असतात.

१०/ २ ऑगस्ट १९५६. वेस्ट व्हर्जिनियातील आयएगर गावचे मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे उघडे थिएटर. पुढे मोटारींच्या रांगा, पडद्यावर विमान, मागून धावत येणारे इंजिन. लिंकने ४३ बल्ब तारांनी जोडून ठेवले होते. बल्ब एकदाच जळतो आणि इंजिन पुन्हा मागे येत नाही. एखादा सांधा सैल राहिला असता, तर साऱ्या संध्याकाळची मेहनत वाया गेली असती. ‘हॉटशॉट ईस्टबाउंड’ हे चित्र त्या रात्रीचे आहे.

११/ त्याच सुमारास आर्थर डाराझिएन हा अमेरिकी छायाचित्रकार पोलादाचे कारखाने अशाच अनेक फ्लॅशनी उजळत होता. १९५९ साली त्याची भेट मुंबईच्या एका तरुणाशी झाली. लाहोरला १९२६ मध्ये जन्मलेले, मुंबईत लग्नसमारंभ आणि चित्रपटांची छायाचित्रे काढणारे मित्तर बेदी. या भेटीनंतर बेदी औद्योगिक छायाचित्रणाकडे वळले आणि १९८५ मधील निधनापर्यंत त्या क्षेत्रातील भारतातील अग्रगण्य नाव ठरले.

१२/ स्वातंत्र्योत्तर भारताच्या कारखान्यांची, तेलशुद्धीकरण केंद्रांची, वीजकेंद्रांची जी भव्य कृष्णधवल प्रतिमा लोकांच्या मनात आहे, तिचा मोठा वाटा बेदींच्या कॅमेऱ्याचा. नळ, चिमण्या, टाक्या यांच्या आकारांत त्यांना शिल्प दिसे. ही कामे कंपन्या करवून घेत, अहवालांसाठी आणि जाहिरातींसाठी. दिवे, सहायक, तारा, दिवसभर थांबलेले यंत्र, हा सारा खर्च मोठ्या उद्योगालाच पेलण्यासारखा होता.

१३/ येथे भिवंडीचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या आणि कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या केंद्रांकडे सरकले. गिरणीला मालक, कंपनी, वार्षिक अहवाल होता. चार-सहा मागांच्या शेडला यांतले काहीच नव्हते. तेथील अंधार उजळण्यासाठी तारा आणि सहायक घेऊन कोण येणार?

१४/ शिवाय तार यंत्रमागाच्या शेडमध्ये धोक्याचीच. फिरते पट्टे, धावते धोटे, दोन मागांमधील अरुंद वाट आणि हवेत तरंगणारे सुताचे तंतू. माग बंद केला तर विणकराची मजुरी बुडते, कारण ती कापडाच्या मापावर असते. म्हणजे तारेचा खर्च केवळ तांब्याचा नव्हता. तो कामगाराच्या रोजातून जाणारा होता. तार सुटल्याशिवाय अशा जागांचे चित्र सहजासहजी निघणारे नव्हते.

१५/ तार सुटण्याची पहिली वाट प्रकाशातूनच निघाली. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. बल्बमध्ये वर्ख जळतो. येथे काहीच जळत नाही. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज वायूने भरलेल्या नळीतून एकदम सोडली जाते. हा दिवा पुन्हा पुन्हा लागतो. त्याला सुरू व्हायला एक बारीकसा विजेचा धक्का पुरतो.

१६/ तो बारीक धक्का देण्यासाठी दुसऱ्या फ्लॅशचा प्रकाशच पुरेसा आहे, हे लक्षात आल्यावर प्रकाशसंवेदी घट जोडलेले फ्लॅश आले. कॅमेऱ्यावरचा एक दिवा लखलखला की त्याचा प्रकाश पाहून दूरचे दिवे लागतात. छायाचित्रकारांच्या बोलीत या दूरच्या दिव्याला ‘स्लेव्ह’ म्हणजे गुलाम आणि आज्ञा देणाऱ्याला ‘मास्टर’ म्हणत आले. नावे जुन्या जगाची आहेत आणि आता उत्पादकही ती हळूहळू सोडून देत आहेत.

१७/ ही युक्ती स्वस्त आणि चपळ आहे. स्टुडिओच्या चार भिंतींत प्रकाश परावर्तित होऊन कोपऱ्यातील दिव्यापर्यंत पोहोचतो. पण तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. हा गुलाम कोणाचीही आज्ञा पाळतो. लग्नमंडपात एखाद्या पाहुण्याने आपल्या छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला की छायाचित्रकाराचे सारे दिवे लागून मोकळे. नेमके अंतरपाट दूर होताना ते पुन्हा भारित होत बसलेले असायचे.

१८/ उन्हात तर ही आज्ञा ऐकूच जात नाही. प्रखर प्रकाशात दूरच्या फ्लॅशची चमक बुडून जाते. खांबाआड, यंत्रामागे, भिंतीपलीकडे ठेवलेला दिवा तर आंधळाच. आणि छायाचित्रकाराला दिवा लपवायचा असतो तो नेमका खांबाआड. ज्या जागी दिव्याची गरज सर्वाधिक, त्याच जागी त्याला निरोप मिळत नाही, असा हा पेच होता.

१९/ १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मिनोल्टा या जपानी कंपनीने यावर एक पायरी पुढे टाकली. आज्ञा देणारी चमक आता सांकेतिक झाली. ठरावीक लयीतील स्पंदने ओळखणारा दिवाच लागेल, पाहुण्याच्या फ्लॅशने फसणार नाही. शिवाय कोणत्या दिव्याने किती प्रकाश द्यायचा हेही कॅमेऱ्याकडून ठरू लागले. २००३ मध्ये निकॉनने दिव्यांचे गट पाडून प्रत्येक गटाची पातळी कॅमेऱ्याजवळूनच बदलण्याची सोय दिली. तरी संदेशवाहक प्रकाशच होता. खांबाआडचा दिवा अजून आंधळाच होता.

२०/ भिंतीपलीकडे निरोप पोहोचवणाऱ्या लहरी मात्र माणसाला शंभर वर्षांपूर्वीच गवसल्या होत्या, आणि त्यांचा एक आरंभबिंदू भारतात आहे. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अतिलघु विद्युतचुंबकीय लहरी भिंतींतून पार करून सुमारे ७५ फुटांवरची घंटा वाजवली आणि दारूला ठिणगी लावली. मध्ये तार नव्हती.

२१/ हा प्रयोग छायाचित्रणाच्या इतिहासात सहसा मोजला जात नाही. पण त्याची मांडणी पाहा. एका बाजूला लहर निर्माण करणारे यंत्र, मध्ये भिंत, दुसऱ्या बाजूला लहर ओळखून विजेचे मंडल जोडणारा शोधक आणि शेवटी पेट घेणारी पूड. त्याच काळात स्टुडिओत फ्लॅश पावडर हाताने पेटवली जात होती. बिनतारी फ्लॅशचे सर्व घटक तत्त्वतः जगात हजर होते. त्यांची भेट व्हायला अनेक दशके लागली.

२२/ विलंबाचे एक कारण तांत्रिक. व्हॉल्व्हच्या जमान्यातील रेडिओयंत्रे जड आणि वीज खाणारी. फ्लॅशच्या टोकाला बांधण्याजोगी नव्हेत. ट्रान्झिस्टर आणि मग एकात्मिक मंडले येईपर्यंत तार स्वस्तही होती आणि भरवशाचीही. दुसरे कारण मात्र कायद्याचे होते. भारतात ते विशेष महत्त्वाचे ठरते.

२३/ १९२७ हे महाराष्ट्रात बिनतारीचे मोठे वर्ष. पुण्याजवळ खडकीला प्रेषक आणि दौंडला ग्राहक केंद्र उभारून ब्रिटनशी थेट बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. त्याच वर्षी २३ जुलैला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. आकाशातून जाणारा संदेश कोणाच्याही यंत्रात उतरू शकतो, याची जाणीव सरकारलाही झाली.

२४/ त्यातून १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा आला. १८८५ चा तारायंत्र कायदा होताच. नव्या कायद्याने परवान्याविना बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. स्वातंत्र्यानंतरही तो कायम राहिला. घरच्या रेडिओसाठी पोस्टात पैसे भरून परवान्याचे पुस्तक नूतनीकरण करून आणणे अनेक घरांतील आजोबांना आठवत असेल. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली.

२५/ रेडिओ ट्रिगर हा या कायद्याच्या दृष्टीने एक छोटा प्रेषक. तो फक्त ‘आता’ एवढेच सांगतो, पण सांगतो बिनतारीनेच. अमेरिकेत १९९० च्या दशकात पॉकेटविझार्डसारखी यंत्रे व्यावसायिकांच्या हाती खेळू लागली, तेव्हा भारतातील छायाचित्रकारापुढे किंमत, आयात आणि परवाना असे तीन अडसर होते.

२६/ कळीचा बदल झाला जानेवारी २००५ मध्ये. केंद्र सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. हा निर्णय मुख्यतः संगणकजाळ्यांसाठी होता. वायफाय त्याच पट्ट्यात चालते. त्या वेळी फ्लॅशचा विचार कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. पण आज प्रचलित असलेले बहुतेक फ्लॅश ट्रिगर याच पट्ट्यात बोलतात. १९३३ मध्ये मिटलेले दार दुसऱ्याच कुणासाठी उघडले आणि छायाचित्रकारही त्यातून आत आले.

२७/ योगायोगाने याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतील वृत्तपत्र छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी २००६ पासून लहान फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून वापरण्याचे धडे इंटरनेटवर विनामूल्य द्यायला सुरुवात केली. आणि चीनमधील कारखान्यांतून अत्यंत स्वस्त ट्रिगर येऊ लागले. पूर्वी जे ज्ञान वर्षानुवर्षे सहायक म्हणून राबल्यावर मिळे, ते आता गावातील तरुणालाही मिळू लागले.

२८/ हे यंत्र करते काय? शटर उघडताच कॅमेऱ्यावरचा प्रेषक एक सांकेतिक संदेश सोडतो. तीस मीटर अंतर कापायला रेडिओलहरीला सेकंदाचा एक कोट्यंशावा भाग लागतो, म्हणजे प्रवासाचा वेळ नगण्य. वेळ जातो तो संकेत उलगडण्यात, आणि तोही शटरच्या फटीत सहज मावतो. संदेशात वाहिनी क्रमांक असतो, गटाचे नाव असते, प्रकाशाची पातळी असते. एकाच सभागृहात दोन छायाचित्रकारांनी एकच वाहिनी निवडली, तर मात्र एकाच्या बटणाने दुसऱ्याचे दिवे लागतात.

२९/ २०१२ मध्ये कॅननने रेडिओ थेट फ्लॅशच्या पोटातच बसवला: पाच गट, पंधरा दिव्यांपर्यंत सोय, सुमारे तीस मीटरचा पल्ला. लिंकच्या तारांचे जंजाळ आता खिशात मावू लागले. यंत्रमागाच्या शेडमध्ये एक दिवा तुळईवर, एक खांबाआड, एक शेवटच्या रांगेमागे. माग चालू, धोटा धावता, मजुरी अखंड. जुन्या अडचणीतील सर्वांत मानवी भाग येथे सुटतो: छायाचित्रासाठी काम थांबवावे लागत नाही.

३०/ दरम्यान भिवंडीही बदलली. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, मुंबई-नाशिक महामार्गालगत असल्याने येथे गोदामे वाढत गेली. १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर येऊन जकात गेली, तरी गोदामे वाढतच राहिली; आज हा देशातील सर्वांत मोठ्या गोदामकेंद्रांपैकी एक आहे. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला आधी छायाचित्र लागते. कापड तर ग्राहक बोटांनी चाचपून घेणारा. पडद्यावर त्या स्पर्शाची जागा प्रकाशालाच घ्यावी लागते.

३१/ विणकरालाही ठाऊक असलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडते. कापडावर समोरून प्रकाश टाकला तर ते सपाट दिसते. बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाणारा प्रकाश टाकला की उभ्या-आडव्या धाग्यांचे चढउतार उठून दिसतात, विणीतील दोषही लपत नाहीत. एक तिरका दिवा पोतासाठी, दुसरा मंद दिवा रंगासाठी. दोघेही कॅमेऱ्यापासून दूर, दोघेही एका क्षणी.

३२/ हाच तिरका प्रकाश इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाचा. भिवंडी तालुक्यात लोनाडजवळ चौधरपाडा येथे शिलाहार राजा दुसरा केशिदेव याचा शके ११६१ चा शिलालेख आहे. आठशे वर्षांच्या ऊनपावसाने झिजलेली अक्षरे भरदुपारी डोक्यावरच्या उन्हात दगडात विरून जातात. सकाळ-संध्याकाळी सूर्य तिरका आला की त्यांच्या कडांना सावली मिळते. शिलालेख पाहायला सकाळी जावे, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

३३/ पण सूर्याच्या वेळा आपल्या हाती नसतात. अनेक शिळा भिंतीला टेकलेल्या, गाभाऱ्यात, झाडाखाली असतात. त्यामुळे अक्षरे दिसावीत म्हणून कोणी त्यात खडू भरतो, कोणी तेल-शेंदूर, कोणी पीठ. दगडाची हानी होतेच. शिवाय चुकीच्या रेघेत भरलेला खडू चुकीचे अक्षर जन्माला घालतो आणि पुढचा वाचक त्यालाच पुरावा मानतो. हातात धरलेला, तारेविना चालणारा एक दिवा दगडाला स्पर्शही न करता तेच काम करतो.

३४/ याचे पुढचे रूप २००१ मध्ये आले. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. कॅमेरा अचल ठेवायचा आणि पृष्ठभागावर निरनिराळ्या दिशांनी एकेक करून प्रकाश टाकत कित्येक छायाचित्रे घ्यायची. संगणक ती एकत्र करतो आणि मग पडद्यावर प्रकाशाची दिशा हवी तशी फिरवता येते. नाणी, मृत्पट्ट, शिलालेख यांच्या वाचनात ही पद्धत जगभर वापरली जाते.

३५/ येथे दिव्यांची आज्ञा उलटी झाली आहे. लिंकला ४३ दिवे एकाच क्षणी हवे होते. शिलालेखाच्या अभ्यासकाला तितकेच दिवे एकामागून एक हवे असतात. दोन्हींत हवा असतो तो नियंत्रणाचा अधिकार, कोणता दिवा केव्हा बोलेल हे ठरवण्याचा. हा अधिकार आधी हातात होता, मग तारेत गेला, मग प्रकाशात, आणि आता लहरींत आहे. प्रत्येक बदलासोबत ज्यांना अंधार उजळता येतो अशा माणसांची संख्या वाढली.

३६/ एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. अजिंठ्यासारख्या चित्रित लेण्यांत फ्लॅश वर्ज्य आहे, आणि ते योग्यच आहे. रंग दगडासारखे सोशीक नसतात. संरक्षित स्मारकात दिवे-स्टँड लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. रस्त्याकडेच्या गधेगाळीला मात्र बहुधा ना कुंपण असते, ना पहारा, ना छप्पर. ती दरवर्षी थोडी झिजते.

३७/ शिलाहारांच्या दानलेखांच्या माथ्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. अर्थ असा, की जोवर हे दोन दिवे आकाशात आहेत तोवर हे दान टिको. दान घेणारे गेले, देणारे गेले, दगडही झिजत आहे. त्या दगडाची अक्षरे उद्याच्या वाचकासाठी आजच स्पष्ट टिपून ठेवायची असतील, तर साधन आता कंपन्यांच्या कोठारात बंद नाही. भिवंडीत लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या साध्या फोटो स्टुडिओच्या पिशवीतही ते सापडते.

(समाप्त)